चौघांची एक नळी

जून अर्धा सरला की डोंबिवलीत पुलाखालच्या भाजीवाल्यांच्या रांगेत, अगदी टोकाला, एक बाई पोतं अंथरून बसते. तिच्यापुढे मेथी-पालक काही नसतं. शेवळांच्या जुड्या असतात आणि शेजारी काकडांचे मूठ-मूठ वाटे. शेवळं ज्यांनी पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: मिटलेल्या छत्रीसारखा वीतभर लांबीचा, जांभळट-तपकिरी कोंब. रानात आपोआप उगवतो, दोन-तीन आठवडे मिळतो आणि मग वर्षभर तोंड दाखवत नाही. काकडं म्हणजे आवळ्याची गरीब, आंबटढाण भावंडं. ती शेवळांबरोबर घ्यावीच लागतात, कारण शेवळं मुळात खाजरी. काकडांचा आंबटपणा नसेल, किंवा साफ करताना हयगय झाली, तर खाणाऱ्याचा घसा असा काही खवखवतो की माणूस रांधणाऱ्याचं नाव आयुष्यभर विसरत नाही.

माझं नाव असं तीन माणसांच्या लक्षात राहिलेलं आहे.

यंदाही त्या बाईपुढे उभा राहिलो आणि नुसत्या दर्शनानेच माझ्या घशात काहीतरी वळवळलं. मी खाकरलो. बायको म्हणाली, "अहो, अजून विकतसुद्धा घेतली नाहीत!" वैशाली साताऱ्याची. लग्नानंतर पहिल्यांदा शेवळं पाहिली तेव्हा "हे काय, नागाची फणी शिजवता?" असं विचारणारी. आता तीच जुडी हातात घेऊन, कोंब कोवळा आहे की जून ते बघते आणि बाईशी हुज्जत घालते. मी बाजूला पिशवी धरून उभा. पिशवी धरण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

मी औषधवाला. कल्याणात एका मध्यम आकाराच्या दवाखान्यात औषधांच्या खिडकीमागे गेली बावीस वर्षं बसतो आहे. मोठ्या साथीच्या त्या पहिल्या वर्षी लोक आमच्यासाठी टाळ्या वाजवत होते, तेव्हा आमच्या सोसायटीतल्या काकांनी वरच्या मजल्यावरून ओरडून सांगितलं होतं, "कर्णिक, तुम्ही योद्धे आहात!" आणि लगेच पुढे, "पण लिफ्ट वापरू नका हं, जिन्याने या." योद्धा चार मजले चढून वर येईपर्यंत गुडघ्यांनी तह करून टाकलेला असायचा.

घरी आई होती. बहात्तर वर्षांची, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की हिला हे झालं तर पुढचं बोलायला नको. म्हणून मी बाहेरच्या खोलीत राहायचो. माझं ताट, माझी बादली, माझी चटई, सगळं वेगळं. ज्या आईने मला लहानपणी बाहेरून आल्यावर "आधी हातपाय धू, मग शिव" असं हजारदा बजावलं होतं, तिला आता मी दारातून तेच सांगत होतो. ती म्हणायची, "फिटलं बाई माझं एकदाचं. चाळीस वर्षांनी का होईना, ऐकलंस."

आमच्या दवाखान्याने ठरवलं की काम करणाऱ्या प्रत्येकाची दर सोमवारी तपासणी करायची. ताप नसला, खोकला नसला तरी. उलट ज्याला काहीच होत नाही त्याचीच मुद्दाम. कारण तोवर कळून चुकलं होतं की हे दुखणं धडधाकट माणसाच्या अंगात चार-आठ दिवस पाहुण्यासारखं राहतं, यजमानाला पत्ताही लागू देत नाही आणि त्याच्या हातून शेजारच्या घरी जातं. आमच्या पिढीला हे पचवणं अवघड होतं. आजारी माणूस म्हणजे कण्हणारा, पांघरुणातला, मऊ भात खाणारा. ठणठणीत माणसाने रांगेत उभं राहून विचारायचं की मी आजारी आहे का, म्हणजे काय!

तपासणीचं सामान मात्र सगळ्यांना पुरेल इतकं नव्हतं. मग प्रयोगशाळेने गट पाडले. प्रत्येकाच्या नाकात काडी घालून ती गुलाबी पाण्याच्या आपापल्या नळीत बुडवायची. नंतर एका गटातल्या चौघांच्या नळ्यांमधला थोडा थोडा अंश एका पाचव्या नळीत एकत्र करायचा आणि तपासायची ती एकच नळी. ती साफ निघाली तर चौघेही साफ. नाही निघाली तर चौघांच्या चार नळ्या पुन्हा वेगवेगळ्या तपासायच्या. चार जणांचं नशीब एका बोटभर नळीत ढवळलेलं.

आमचा गट सातवा. त्यात मी. दुसऱ्या कुंदा सिस्टर, वॉर्डातल्या सगळ्यात जुन्या नर्स, ज्यांच्या आवाजाने सलाईनसुद्धा भरभर चालायची. त्यांची लेक बाळंतपणाला माहेरी आलेली, आठवा सरत आलेला. तिसरे जनूभाऊ, अँब्युलन्सचे चालक, डोंबिवलीजवळच्या गावातले मूळचे आगरी, घरात चौदा माणसं आणि एक पोपट. आणि चौथ्या इंदूमावशी. वॉर्डात लादी पुसणं, रुग्णांची अंथरुणं बदलणं, कोणाला धरून उठवणं हे त्यांचं काम. मूळच्या राजापूरकडच्या, राहायला दिवा स्टेशनजवळ. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. एकट्याच राहतात, एवढं मला माहीत होतं. म्हणजे माहीत आहे असं मी समजत होतो.

दर सोमवारी काडी घालण्याआधी एक कागद भरायचा. ताप आहे का, खोकला आहे का, घसा खवखवतो का, वास येतो का. पुढे आहे-नाही. मी न वाचताच "नाही"ची रांग ठोकून द्यायचो. मग काडी. ती घालणारी मुलगी चणीने लहान, पण काडी कुठवर जाते याची तिला अजिबात दयामाया नव्हती. काडी गेली की कुंदा सिस्टर देवाचं नाव घ्यायच्या, जनूभाऊ कोणाचं तरी वेगळंच नाव घ्यायचे, माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. इंदूमावशी तेवढ्या शांत. एकदा त्या मुलीला म्हणाल्या, "सावकाश गो बाय. माझं नाक काय पळून जात नाही."

हे झालं की आम्ही चौघं मागच्या व्हरांड्यात, खडूने आखलेल्या चार गोलांत, एकमेकांपासून लांब बसून डबे उघडायचो. सोमवारचं जेवण एकत्र, कारण मंगळवारी दुपारी अहवाल येईपर्यंत आम्ही चौघं मिळून एकच माणूस होतो.

जूनमध्ये एका शनिवारी जनूभाऊ एका बऱ्या झालेल्या म्हाताऱ्याला खडवलीपलीकडच्या वाडीवर सोडून आले. म्हाताऱ्याच्या सुनेने आभार म्हणून शेवळांची ही भली मोठी जुडी आणि ओंजळभर काकडं दिली. आयुष्यात प्रथमच शेवळं अँब्युलन्समधून आली. त्यांनी वाट करून घ्यायला सायरन वाजवला की नाही, ते जनूभाऊंनी कधी सांगितलं नाही.

"आमची घरवाली करील ना झकास," जनूभाऊ म्हणाले. "बोंबील घालून."

"सोमवारी खायची ना," मावशी म्हणाल्या. "माझा उपास नसला तरी मासळी नाही."

आणि तिथे मी तोंड उघडलं. "अहो, शेवळं म्हणजे आमच्या ठाण्याच्या घरची खासियत. मी करून आणतो."

मी जन्मात शेवळं खाल्ली होती. केली नव्हती.

रविवारी संध्याकाळी मी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. वैशाली म्हणाली, "त्या फणीला मी हात लावणार नाही," आणि लेकीला घेऊन आत गेली. आईला मात्र राहवेना. तिने उंबऱ्याबाहेर स्टूल मांडलं आणि लांबूनच सूचना सोडायला सुरुवात केली. हाताला तेल लाव. वरची पात काढ. आतला दांडा नीट बघ. बारीक चीर. काकडं आधी उकडून घे, ठेचून त्यांचं पाणी घाल. मी मुखपट्टी हनुवटीवर ओढलेली, कारण मधून मधून चव बघायची होती. आईनेही तिची उतरवलेली, कारण सूचना खणखणीत जायला हव्या होत्या. तीन महिन्यांत पहिल्यांदा आम्ही मायलेक इतका वेळ समोरासमोर होतो. ती खुशीत होती. मीही.

"आतला पिवळा भाग काढून टाकलास ना रे? तो दाणेदार? सगळी खाज त्यातच असते."

"हो हो," मी म्हणालो.

नव्हता काढला. तो भाग इतका छान, गुबगुबीत दिसत होता की फेकवेना. आणि पुन्हा निवडत बसायचा कंटाळा. त्या कागदावर "नाही" ठोकतो तसं मी इथे "हो" ठोकलं.

सोमवारी काड्या झाल्या, डबे उघडले. हरभऱ्याची डाळ घातलेली शेवळाची भाजी मी चार पळ्यांनी चार डब्यांत दुरूनच वाढली. पहिला घास घेऊन कुंदा सिस्टर म्हणाल्या, "वा कर्णिक! आम्ही उगाच तुम्हाला फक्त गोळ्या मोजणारा समजत होतो." मी विनयाने मान खाली घातली. ती वर काढेपर्यंत पंधरा मिनिटं झाली असतील. जनूभाऊ खाकरले. मग सिस्टर. मग मी. चौघांच्या घशात सुया टोचायला लागल्या आणि चौघंही एकदम गप्प झाले, कारण दर सोमवारी भरत असलेल्या कागदावरची तिसरी ओळ चौघांनाही पाठ होती.

"मला... जरा घशात..." सिस्टर म्हणाल्या. त्यांचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"मना पन," जनूभाऊ म्हणाले. चेहरा पांढराफटक.

इंदूमावशींनी डबा उचलला, नाकाशी धरला, बोटाने भाजी चाळली आणि माझ्याकडे रोखून बघितलं. "कर्णिकभाऊ, पिवळं काढलेलं का?"

मी कबूल केलं. पुढची दहा मिनिटं मला जे ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण ऐकवणारे तिघंही हसत होते, चिंचेच्या गोळ्या चोखत होते, आणि हसण्याच्या तळाशी सुटकेचा केवढा मोठा श्वास होता! "मेल्या, मारलं असतंस," सिस्टर डोळे पुसत म्हणाल्या. मला "अहो-जाहो" करणाऱ्या सिस्टर त्या दिवसापासून एकेरीवर आल्या, त्या आजवर.

मंगळवारी दुपारी बारा वाजता कळलं की गट क्रमांक सातची नळी पॉझिटिव्ह आहे.

चौघांपैकी कोण, ते कळायला संध्याकाळ होणार होती. तोवर आम्हाला ठेवायचं कुठे? बाह्यरुग्ण विभाग बंद होता. तिथल्या लांब बोळातल्या चार तपासणीच्या खोल्या रिकाम्या होत्या. एकेकाला एकेक दिली. दारं उघडी, पण उंबऱ्याबाहेर यायचं नाही. कुंदा सिस्टर दातांच्या खोलीत, त्या कलत्या खुर्चीत सिंहासनावर पहुडल्यासारख्या. जनूभाऊ लहान मुलांच्या खोलीत, भिंतीवर हत्ती-जिराफ. मला स्त्रीरोग विभाग मिळाला. मावशी समोरच डोळ्यांच्या खोलीत, अक्षरांच्या तक्त्यापुढे.

सुरुवातीला जोरात चाललं होतं सगळं.

"ए करनिकशेट," जनूभाऊंचा आवाज बोळातून आला, "मना या पोरांच्या खुर्चीव बसवलंय. गुडघं कानाला लागतान."

"कर्णिक, तुझा कितवा महिना?" सिस्टर.

"मावशी, तक्ता वाचून काढा, चष्म्याचा नंबर कळेल," मी.

"मोठी मोठी दिसतात. बारीक तुम्ही वाचा, शिकलेले आहात," मावशी म्हणाल्या.

मग हळूहळू आवाज विरत गेले. सिस्टर फोनवर लेकीशी बोलत होत्या, अगदी हळू: "तू खोलीतून बाहेर येऊ नकोस. माझ्या कपड्यांना हात लावू नकोस. नाही गं, रडत कुठे आहे मी." जनूभाऊंनी घरी फोन लावला आणि नुसतं "सगली बरी हाव ना?" विचारून ठेवून दिला. मग एकदा स्वतःशीच म्हणाले, "चवदा मानसा. कोनाला कुटं ठेवू?"

मी वैशालीला फोन केला. आईला डायलिसिसहून आणलं होतं. दमून झोपली होती. "काल म्हणत होत्या, बंड्याने शेवळं बरी केली असतील ना," वैशाली म्हणाली. मी "छान झाली" म्हणालो. बाकी काही बोललो नाही. फोन ठेवला आणि ते स्टूल डोळ्यांपुढे आलं. उंबऱ्याबाहेरचं. आईची हनुवटीखाली ओढलेली पट्टी. दाणेदार पिवळा भाग सांगताना तिने बोटांनी केलेली खूण. मधलं अंतर किती होतं? दोन हात? दीड? एका भाजीसाठी, चार लोकांत मोठेपणा मिरवण्यासाठी मी तिच्यासमोर तासभर उघड्या तोंडाने उभा होतो. घसा अजून खवखवत होता. ही खवखव शेवळाची की त्या दुखण्याची? खाज दुसऱ्या दिवसापर्यंत राहते का? हे विचारायला एकच माणूस होतं, आणि तिलाच विचारायची सोय नव्हती.

भीतीला गणित फार चांगलं येतं. मी त्या खोलीत बसून हिशेब मांडला. चौघांत एकजण तर असणारच. सिस्टर नको, पोटुशी पोर घरात. जनूभाऊ नको, चौदा माणसं. मी नको, आई. मग राहिलं कोण? समोरच्या दारातून मावशी दिसत होत्या. स्टुलावर बसलेल्या, पदर डोक्यावर, तक्त्याकडे तोंड, ओठ हलताहेत. मला वाटलं अक्षरं लावताहेत. आणि मी, मनातल्या मनात, अगदी स्वच्छ शब्दांत म्हणालो: देवा, मावशींची येऊ दे. त्या एकट्या आहेत.

एकदा नाही म्हणालो. संध्याकाळपर्यंत म्हणत होतो. बावन्न श्लोक पाठ असलेला माणूस मी, पण इतक्या एकाग्रतेने आजवर एकही म्हटलेला नाही.

साडेसहाला ती काडीवाली मुलगी बोळाच्या तोंडाशी आली. पूर्ण पांढऱ्या पोशाखात, हातात कागद. चौघंही आपापल्या उंबऱ्यावर. तिने आधी सिस्टरचं नाव घेतलं. निगेटिव्ह. जनूभाऊ. निगेटिव्ह. कर्णिक सर, निगेटिव्ह.

"सुटलो!" मी म्हणालो. मोठ्याने.

मग त्या पोरीने कागदाची घडी घातली. चौथं नाव घ्यायची गरजही नव्हती. मावशी समोर उभ्या होत्या, माझ्यापासून आठ-दहा फुटांवर, आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, तेच अवघड होतं. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "तुमच्या घरात म्हातारी आहे."

जनूभाऊंनी गाडी काढली, त्यांना विलगीकरण केंद्रात सोडायला. पायरी चढताना मावशींनी आतल्या पत्र्यावरून हात फिरवला. "रोज मीच पुसते ही," म्हणाल्या, "आज बसायला मिळाली." सिस्टर रडल्या. मी दोन्ही हात जोडून उभा होतो, कोणाला जोडले होते कोण जाणे.

मावशींना पुढेही काही झालं नाही. ना ताप, ना खोकला. मी रोज चार वाजता फोन करायचो. "काही होतंय का मावशी?" "काय होणार? खाते नि झोपते. बसून बसून अंग आलंय." "घसा?" "घसा तुमच्या भाजीने खवखवलेला तेवढाच." चौथ्या दिवसापासून त्या तिथलीही लादी पुसायला लागल्या होत्या म्हणे. हे कुठून आलं, कसं आलं, कोणालाच कळलं नाही. काडी नाकात गेली नसती तर त्यांनाही कळलं नसतं. वॉर्डात अंथरुणं बदलत राहिल्या असत्या आणि पुढे कोणाकोणाच्या घरी काय पोचलं असतं, ते मोजता आलं नसतं. आपल्याला काही होत नसताना आपल्यात काय काय असू शकतं, हे त्या सोमवारांनी मला दाखवलं. माझ्या नळीत काही सापडलं नाही. पण त्या दुपारी त्या खोलीत जे सापडलं, त्याला नळी कुठली लावणार!

सिस्टरच्या लेकीला मुलगा झाला. जनूभाऊंचे चौदा आता सोळा आहेत. पोपट तेवढा उडाला. आई त्यानंतर साडेतीन वर्षं होती आणि शेवटी आपल्याच दुखण्याने, आपल्याच अंथरुणात, माझा हात हातात असताना गेली. तोवर दर जूनला स्टूल मांडून बसायची. पण उंबऱ्याच्या आत. आणि पिवळा भाग स्वतःच्या बोटांनी काढायची, माझ्यावर विश्वास न ठेवता. मी तिला कधी सांगितलं नाही की ही वर्षं मी कोणाच्या नावावर मागून घेतली होती.

दरवर्षी शेवळं केली की पहिला डबा दिव्याला जातो. यंदा आई नसताना तिसऱ्यांदा गेलो. मावशी आता निवृत्त आहेत. तिसऱ्या मजल्यावरची खोली, दारापाशी निळी पिंपं भरून ठेवलेली, कारण पाणी एक दिवसाआड. खोलीत एक सहा वर्षांची मुलगी फतकल मारून पाटीवर काहीतरी गिरवत होती. ओवी, शेजारच्या घरातली. मी तिला दरवर्षी बघतो, कधी कडेवर, कधी दुडदुडताना, कधी फ्रॉक सावरत. शेजारची पोर आली असेल खेळायला, यापलीकडे मी कधी विचार केला नव्हता.

का कोण जाणे, यंदा डबा ठेवता ठेवता बोलून गेलो. "मावशी, त्या दिवशी त्या खोलीत बसून मी देवाला सांगत होतो. तुमची येऊ दे म्हणून."

मावशी पिंपातलं पाणी हंड्यात काढत होत्या. हात थांबला नाही. "माहीत आहे."

"कसं?"

"तोंडावर होतं की तुमच्या. समोरच बसलेले." मग हंडा खाली ठेवून म्हणाल्या, "मी तेच तर मागत होते. म्हटलं, बाबा, यांच्या घरात नको घालू. एक म्हातारी, एक पोटुशी, एक एवढा मोठा गोतावळा. माझ्यावर टाक, मी एकटी." त्या ओवीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. "आणि बोलले नि एकदम आठवण झाली हिची. तेव्हा आठ महिन्यांची. हिची आई किराणाच्या दुकानात कामाला जायची. ड्युटीवर निघायच्या आधी रोज हिला न्हाऊ घालायचे मी. म्हटलं, देवा, थांब थांब, नको. पण तोवर सांगून झालेलं. त्याला दिलेला निरोप परत घेता येत नाही ना."

"मला माहीतच नव्हतं," मी म्हणालो. "फोनवर तर म्हणायचात, खाते नि झोपते."

"मग काय सांगू? हिच्या घरच्यांच्या तपासण्या येईपर्यंत दोन दिवस पाण्याचा घोट उतरला नाही. तुम्ही विचारत होता घसा कसा आहे." त्या हसल्या. "सगळ्यांच्या साफ आल्या. ते राहू दे. तुम्ही मागितलं, मी मागितलं. दोघांनी एकदम मागितलं म्हणून त्याने पटकन ऐकलं असेल. एरवी माझं एकटीचं कधी ऐकतो?"

ओवीने पाटी बाजूला सारली. "मावशे, डब्यात काय? मला दे."

मावशींनी डब्याचं झाकण काढलं, भाजी नाकाशी धरली, बोटाने चाळली. अगदी त्या सोमवारसारखी. "पिवळं काढलंय ना?"

"काढलंय," मी म्हणालो. आणि हे खरं होतं.

"तरी थांब गो," त्या ओवीला म्हणाल्या, "आधी मी खाऊन बघते. पाव तास जाऊ दे. मग तुला."

त्यांनी चमचा उचलला, आणि मी त्यांच्या हातातून तो काढून घेतला. त्या बघतच राहिल्या. "मावशी," मी म्हणालो, "या वेळी आधी मी."

मोठा घास घेतला. गिळला. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. आम्ही तिघंही घड्याळाकडे बघत बसलो. ओवी मधून मधून माझ्या गळ्याकडे बघत होती, तिथे काही उगवतंय का ते.

"खाजतंय का काका?"

"नाही," मी म्हणालो. या खेपेला विचार करून, नीट, घसा तपासून.

पाच वाजून पंचवीस मिनिटांनी मावशींनी तिला भाजी-भात कालवून दिला.